पाय लागला

दिपमाला मॅडमना स्वस्थ बसता येत नाही, हे भडगावात सगळ्यांना माहीत आहे. बँकेच्या रांगेत उभ्या असल्या तर टाचा वर-खाली चालू. लग्नाच्या पंगतीत दाराकडे तोंड करूनच बसणार, आणि वाढपी दुसऱ्या फेरीला येईपर्यंत तीनदा मांडी बदललेली असणार. नवरा योगेंद्र जळगावला पाइपच्या कंपनीत जातो, रोज जाऊन-येऊन. स्वभावाने थंड. तो म्हणतो, "हिला घडवताना देवाने ब्रेक बसवलाच नाही." ती ऐकून घेते आणि तेवढ्यात उठून गॅस बंद आहे ना, ते बघून येते.

पण गेल्या ऑगस्टात तिला जे झालं ते या नेहमीच्या चुळबुळीतलं नव्हतं. घास घशाखाली उतरेना, कोणी बोलायला लागलं की लक्ष भलतीकडे. आणि कारण काय, तर एक सही.

दिपमाला मूळची धुळ्याची. तेरा वर्षांची असताना ती कराटे शिकायला गेली, तीही काही जिद्द वगैरे नव्हती. भावासाठी वडिलांनी पांढरा ड्रेस शिवून आणला, भाऊ तिसऱ्या दिवशी रडत घरी आला, आणि ड्रेस वाया जाऊ नये म्हणून हिला धाडलं. बाह्या दुमडून ती जी उभी राहिली ती राहिलीच. ब्लॅक बेल्ट मिळाला, लग्न होऊन भडगावला आली, इथे मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये क्लास काढला. पुढे कराटेवरून तिचा विश्वास थोडा उडाला. लाथ मारायला अंतर लागतं, आणि अंगचटीला येणारा माणूस अंतर ठेवून येत नाही. तो मनगट धरतो, वेणी धरतो, भिंतीला दाबतो. म्हणून तिने शिबिरं करून जुजुत्सू शिकून घेतलं. धरलेला हात कसा सोडवायचा, खाली पडलो तर अंगावरचा माणूस कसा उलटवायचा, हे सगळं. आता ती दोन्ही शिकवते.

त्या ऑगस्टाच्या आधीच्या हिवाळ्यात सरकारी योजनेतून तिला गिरणा नदीपलीकडच्या एका खेड्यातली शाळा मिळाली. गावाचं नाव नको. घेतलं तर तिथली माणसं उगाच भांडायला येतील. नववी-दहावीच्या अडतीस मुली, चोवीस तासिका, रोज मोबाइलवर फोटो चढवायचे, शेवटी प्रात्यक्षिक आणि प्रमाणपत्र. चोवीस तासिकांत धड पोहायला येत नाही, पण योजना आखणाऱ्यांना कोण सांगणार.

पहिल्या आठवड्यात मुली नुसत्या हसल्या. सतरंजीवर आडवं व्हायचं म्हटलं की ओढण्या सावरायला लागल्या. ओरडा म्हटलं तर एकमेकींच्या कानात ओरडल्या. हे दिपमालाला नवीन नव्हतं. नवीन होती ती भाविका.

भाविका दहावीतली, सडसडीत, शाळेत धावण्यात पहिली. तिची लाथ बघून दिपमाला पहिल्याच दिवशी खूश झाली. कमरेतून येणारी, सरळ, जोरदार लाथ. पण लाथ समोरच्या मुलीला लागली रे लागली की भाविका खाली वाकायची, त्या मुलीला हात लावायची आणि तो हात छातीला लावायची. पाय लागला म्हणून! आपल्याकडे पोर चालायला लागलं की त्याला हे शिकवतात. माणसाला पाय लागला, पुस्तकाला लागला, ताटाला लागला, की नमस्कार कर. सगळ्याच मुली थोडंफार तसं करत होत्या. चार दिवस ओरडल्यावर बाकीच्यांची सवय सुटली. भाविकाची सुटेना.

तिची जोडीदार नाजमीन, गावातल्या वेल्डिंगवाल्या नूर महंमदची मुलगी, तोंडाची तिखट. ती एकदा वैतागून म्हणाली, "अगं मार आन उभी ऱ्हाय ना! मी काय देव शे का पाया पडाले?"

"माले समजतच नही, कव्हय वाकी जास ते," भाविका म्हणायची. आणि ते खरंच होतं. दिपमाला तिला दाखवायची, बघ, तू वाकलीस की तुझं डोकं समोरच्याच्या हातात. केस धरले की संपलं. भाविका मान हलवायची, लाथ मारायची, वाकायची. दिपमालाने एकदा तिचे दोन्ही हात ओढणीने पाठीमागे बांधले. तर भाविकाने लाथ मारून नुसती मान वाकवली आणि पुटपुटत माफी मागितली. दिपमालाला हसूही आलं आणि संतापही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तालुक्याहून साहेब आले. गावकरी जमले. भाविका आणि नाजमीन शेवटी उभ्या राहिल्या. भाविकाने मनगट सोडवलं, अगदी नेटकं. मग लाथ मारली, ती नाजमीनच्या मांडीवर खणखणीत बसली, आणि भाविका वाकली. नाजमीनला हात लावला, छातीला लावला. दिपमालाने डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

साहेब माइकवर म्हणाले, "बघा, याला म्हणतात संस्कार! मुलगी लढायला शिकली, पण वाकायला विसरली नाही." त्यांनी भाविकाला पहिला क्रमांक देऊन टाकला. गर्दीतून एक काटक माणूस पुढे आला आणि डोळे पुसत त्याने टाळ्या वाजवल्या. तो भाविकाचा बाप, प्रेमराज, जळगावच्या डाळ मिलमध्ये हमाली करणारा.

त्या वेळी दिपमालाने बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. समोर अडतीस प्रमाणपत्रांचा गठ्ठा आला, प्रत्येकावर छापलं होतं, 'सदर विद्यार्थिनी स्वतःचे संरक्षण करण्यास सक्षम आहे', आणि खाली प्रशिक्षकाची सही. तिने अडतीस सह्या ठोकल्या. भाविकाच्या कागदाशी पेन क्षणभर थांबलं, पण मागून शिपाई म्हणाला, "मॅडम, नाश्ता थंड व्हई राहिना." तिने सही केली आणि पोहे खाल्ले.

ऑगस्टमध्ये भडगावच्या कॉलेजच्या फाटकाशी भाविका तिला भेटली. अंगावर अकरावीचा गणवेश, चेहरा फुललेला.

"मॅडम, तुमच्या कागदाने काम केलं!" ती म्हणाली. तिच्या मोठ्या बहिणीला, पुनमला, दहावीनंतर घरी बसवलं होतं. कारण एकच. बस गावात येत नाही, फाट्यावर थांबते, आणि फाट्यापर्यंतचा दीड किलोमीटर रस्ता निर्जन आहे. प्रेमराज पहाटेच मिलला निघून जातो, सोबतीला कोणी नाही. पुनम दोन वर्षं घरी बसली, मग तिचं लग्न झालं. भाविकाचंही तेच ठरलं होतं. पण प्रात्यक्षिकानंतर प्रेमराजने कागद लॅमिनेशन करून देवाच्या फोटोशेजारी लावला आणि बायकोला म्हणाला, हिला आता कोणाची सोबत लागत नाही. "साडेसहाची बस ऱ्हास मन्ही. रोज एकटी जास मी," भाविका म्हणाली. केवढा अभिमान होता तिच्या आवाजात.

दिपमाला "वा, छान" म्हणाली आणि स्कूटर चालू करायला गेली, तर किल्ली कुलपात जाईना.

त्या दिवसापासून तिचं बिनसलं. सकाळी सव्वासहा वाजले की ती सारखी घड्याळाकडे बघायला लागायची. सात वाजले की वाटायचं, पोचली असेल. पोचली असेल ना? क्लासमध्ये एक, दोन, तीन मोजता मोजता आकडा हरवायचा. मनात सारखा एकच खेळ: कोणीतरी हात धरला, भाविकाने लाथ मारली, आणि भाविका वाकली. योगेंद्र म्हणाला, "अडतीस जणींना सह्या दिल्यास. अडतीस जणींच्या मागे फिरणार आहेस?" ती त्याच्या अंगावर धावून गेली, इतकी की बिचारा डबा विसरून कामाला गेला.

मग ती खरोखरच मागे फिरायला लागली. धावायला जाते असं सांगून सहाला स्कूटर काढायची आणि नदी ओलांडून त्या रस्त्याला जायची. एका हाताला केळीची बाग, दुसऱ्या हाताला छातीएवढी कपाशी, मध्ये एक वळण, तिथून ना गाव दिसतं ना फाटा. वळणावरच्या बाभळीआड ती स्कूटर लावायची. भाविका दप्तर छातीशी धरून झपाझप जायची, ही लांबून मागे. बस आली, भाविका चढली, की हिचा श्वास सुटायचा. घरी परतेपर्यंत दुसऱ्या दिवसाची काळजी सुरू झालेली असायची.

सातव्या दिवशी भाविका वळणावर थांबली. मागे फिरली आणि सरळ बाभळीकडे आली.

"मॅडम, सहा दिन व्हयनात. तुम्ही मन्हा मांगे काबर येतस?"

"मी रोज इकडे धावायला येते."

"साडी नेसीसन?"

दिपमालाने खाली बघितलं. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती आणि एका बारशाला जायचं होतं, म्हणून ती साडीतच निघाली होती. खोटं बोलायचीही तिला अक्कल नव्हती. मग तिने सगळं बोलून टाकलं. "तुला अजून ते येत नाही, भाविका. मला माहीत होतं आणि मी मुकाट्याने सही केली. कोणी आडवं आलं तर काय करशील? लाथ मारून त्याच्या पाया पडशील?"

भाविकाचा चेहरा लाल झाला. वाटलं आता रडेल. पण ती रडली नाही, रागावली.

"माले काय समजत नही का? पहिला दिनपासून माहीत शे माले. तो कागद त्या मोटारसायकलवालाले दखाडाले नही, मॅडम. तो आबाले दखाडाले शे. पुनमताईजोडे कागद नव्हता, म्हनीसन ती घर बसनी."

दिपमालाने बाकीचं ऐकलंच नाही. "कुठला मोटारसायकलवाला?"

भाविकाने जीभ चावली. एकदा तोंडून निघालेलं आता आत जाणार नव्हतं. मग तिने सांगितलं. एक माणूस, ओळखीचा नाही. पहिल्यांदा गाडी हळू करून 'सोडू का' म्हणाला. दुसऱ्यांदा पुढे जाऊन गाडी आडवी लावली आणि तिची ओढणी धरली.

"मग? लाथ मारलीस?"

"लाथ आठवनीच नही. ओढणी सोडी दिधी आन केळीना बागमां पळनू." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मॅडम, आबाले सांगू नका. कॉलेज, बठ्ठं बंद व्हई जाई."

फाट्यावर हॉर्न वाजला. भाविका धावत सुटली.

बारशाला दिपमाला गेलीच नाही. तो दिवस आणि त्यानंतरचा दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. सांगितलं तर पोरीचं कॉलेज जातं. न सांगावं तर पोर रोज त्या वळणावरून एकटी जाते. हॉलमध्ये ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिली. मुली एका बाजूला उभ्या राहून बघत होत्या, मॅडम शिकवतील केव्हा. शेवटी एवढंच तिच्या लक्षात आलं की मोटारसायकलची गोष्ट भाविकाची आहे, ती सांगायचा हक्क तिचा. पण सही आपली आहे. ती तरी आपण निस्तरू.

मंगळवारी प्रेमराजची सुट्टी असते. त्या मंगळवारी सहाच्या सुमाराला ती त्याच्या दारात उभी राहिली.

"या मॅडम, या! कुंदा, चहा ठेव. आज गुरू घर वनात!" प्रेमराजने खुर्ची पुसली. आत कुंदाबाई, भाविकाची आई, चुलीपाशी होती. भाविका आरशासमोर वेणी घालत होती. दिपमालाला बघून तिचे हात जागच्या जागी थांबले. आरशातून तिने अशी नजर टाकली की दिपमालाला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीवरच्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "भाऊ, यावर लिहिलंय ते खरं नाही. मी खोटी सही केली. भाविकाला हात सोडवता येतो, पण अजून लढता येत नाही. पाय लागला म्हणून ती वाकते. साहेबांना तो संस्कार वाटला. मला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, मी उघडलं नाही."

प्रेमराजला आधी कळलंच नाही. "पन साहेबांनी टाळ्या वाजाड्यात ना?"

"चुकीच्या गोष्टीला वाजवल्या."

तो कॉटच्या काठावर बसला. "मंग आते काय करू? हिले घर बसाडू?"

चुलीवरचा चहा उतू गेला तरी कुंदाबाई हलली नाही.

"नाही," दिपमाला म्हणाली.

"तो रस्ता चांगला शे का?"

"नाही."

"हिले लढता येस का?"

"नाही. अजून दोन वर्षं लागतील. मी शिकवीन."

"मंग तुम्हीच सांगा ना मॅडम! मी बाप शे हिना. तुम्ही म्हनतस रस्ता चांगला नही, हिले लढता येत नही, आन म्हनतस जाऊ दे!"

त्याचा आवाज चढला होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. दिपमाला मग जे बोलली ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, योगेंद्रलासुद्धा नाही.

"मला ब्लॅक बेल्ट मिळून अठरा वर्षं झाली, भाऊ. रिकाम्या रस्त्याला मागून गाडी आली की अजून मी तीनदा वळून बघते. आजही येताना बघितलं. मला येतं सगळं, तरी भीती वाटतेच. ती जाईपर्यंत थांबले असते तर मी धुळ्याच्या घरातून बाहेरच पडले नसते."

प्रेमराजने विचारलं, टोमणा नव्हता, खरोखरच जाणून घ्यायचं होतं त्याला. "आन तुमले कोन जाऊ देस?"

"कोणी नाही. मीच जाते."

मग भाविका आरशापासून वळली. अर्धी वेणी तशीच सुटी.

"आबा, त्या वळनवर एक मोटारसायकलवाला येस. दोनदा वना. ओढणी धरी त्याने. मी पळनू." तिने दप्तरातून वही काढली, मागचं पान टर्रकन फाडलं आणि बापापुढे धरलं. "हाऊ त्याना गाडीना नंबर."

प्रेमराज उभा राहिला. पान हातात घेतलं, पण वाचण्याआधीच विचारलं, "कव्हयपासून?"

"पंधरा दिन व्हयनात."

"पंधरा दिन! आन तू माले सांगं नही?"

"सांगं असतं तर माले धाडं असतं का?"

प्रेमराजने कुंदाबाईकडे बघितलं. कुंदाबाई पदराने डोळे टिपत होती, पण तिनेही नवऱ्याला मदत केली नाही. पुनमच्या वेळी घरात काय काय झालं ते तिला आठवत असावं. दिपमालाने ते पान त्याच्या हातातून घेऊन मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "आज दुपारी आपण दोघं पोलीस ठाण्यात जाऊ, भाऊ. भाविका हो म्हणाली तर तिलाही घेऊ."

भाविकाने सुट्या वेणीला कसंबसं रबर लावलं. "सहा वाजीसन दहा मिनिटं व्हयनात. बस जाई," ती म्हणाली, दप्तर उचललं आणि कोणाच्या होकाराची वाट न बघता उंबरा ओलांडून गेली. जाताना दिपमालाकडे तिने बघितलंही नाही.

प्रेमराज दारापर्यंत गेला. एक चप्पल पायात घातली आणि तिथेच थांबला. दुसरी पायाच्या बोटांनी चाचपत राहिला. पोर गल्ली ओलांडून रस्त्याला लागली होती.

"मॅडम," तो मागे न बघता म्हणाला, "जाऊ का हिना मांगे?"

दिपमालाच्या ओठांवर 'जा, धावत जा' आलं होतं. गेला आठवडाभर ती स्वतः तेच करत होती. तिने ते गिळलं.

"मला नका विचारू. तिला विचारा."

असं काही त्या माणसाने जन्मात केलं नसेल. तो ओसरीवर तसाच उभा राहिला. शेजारची बाई अंगण झाडायची थांबून बघायला लागली. मग त्याने हाक मारली, मिलमध्ये मारतात तशी, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाणारी.

"भावी! ए भावी! मी येऊ का?"

भाविका थांबली. वळून घराकडे बघत बराच वेळ उभी राहिली. बस चुकेल की काय, असं दिपमालाला वाटून गेलं.

"या!" तिकडून आवाज आला. "पन मांगे नही, आबा! संगे चाला!"

प्रेमराजने दुसरी चप्पल पायात सरकवली आणि तो रस्त्याकडे धावला.